आपल्या म्हाताऱ्यासाठी घातलेलं गाऱ्हाणं

ज्या तीन चित्रपटांपायी हे घडलं त्यांची नावं आमच्याकडे कुणी घेत नसे. पहिला, दुसरा, तिसरा, इतकंच. आणि तिन्ही मिळून 'आपलो म्हातारो'.

कोल्हापूरच्या एका माणसाने ते काढले. त्याच्या वडिलांचा जत्रेतला तंबूचा सिनेमा होता, एवढीच त्याची पुंजी. अठ्ठ्याण्णव साली तो पहिल्यांदा देवबागला आला तेव्हा बरोबर दहा-बारा माणसं होती आणि ती आमच्याच घरांतून जेवत. गोष्ट साधी होती. बुडून मेलेला एक तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आपल्या मुलाच्या होडीत मागच्या फळीवर येऊन बसतो. मुलाशिवाय तो कुणाला दिसत नाही. मुलगा जाळं चुकीचं टाकतो, म्हातारा शिव्या घालतो. वारा फिरला आणि पोरगं घाबरून त्याच्याकडे पाहू लागलं, की तो म्हणतो, "पाणी बघ, माका नको बघू."

तोवर पडद्यावर आमची बोली आम्ही ऐकली होती ती गड्याच्या तोंडी, लोकांनी हसावं म्हणून. इथे ती बापाच्या तोंडी होती.

म्हाताऱ्याचं काम करणारा नट आमच्यात महिनाभर राहून बोलायला शिकला, पण त्याला पोहता येत नव्हतं. त्यामुळे पाण्यातून वर येणारं ते पांढऱ्या केसांचं डोकं, बुडताना वर राहिलेला तो हात, हे सगळं माझ्या मित्राचं. आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. मी शिकून गावच्याच शाळेत मास्तर झालो, तो बापाच्या होडीवर गेला. पाण्याखाली तो इतका वेळ राहायचा की काठावर उभी असलेली त्याची बायको तोंड फिरवायची. गावातली पोरं त्याला 'मेललो', म्हणजे मेलेला, म्हणत. "मेललो इलो, मेललो इलो," करत मागे धावत आणि तो डोळे पांढरे करून वळून बघे.

दर रविवारी दुपारी आम्ही आठ-दहा जण चाचांच्या वखारीत जमायचो. चाचा सुक्या मासळीचे व्यापारी. वखारीत एक टीव्ही होता आणि तिन्ही चित्रपटांच्या व्हीसीडी. वाळलेल्या बांगड्याच्या वासात बसून आम्ही तेच तीन चित्रपट किती वेळा पाहिले असतील, देव जाणे. कोण कुठे हसणार हेही ठरलेलं असे. मी एक वही केली होती. तिन्ही चित्रपटांतलं म्हाताऱ्याचं बोलणं कानाने ऐकून शब्दन् शब्द उतरवलं होतं. कुठला शब्द देवबागचा, कुठला वेंगुर्ल्याकडचा, तेही समासात लिहिलं होतं. त्या वहीचा मला फार अभिमान होता. पुढे जे झालं त्याचं मूळ या अभिमानात आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. पेपरात आलं की मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने तिन्ही चित्रपट विकत घेतले. चित्रपटच नव्हे, म्हातारा, त्याचा मुलगा, आणि यापुढे त्यांचं जे काही व्हायचं असेल तेही. चौथा चित्रपट कंपनी काढणार होती.

"मेललो माणूस इकत घेतत?" वखारीत एकाने विचारलं.

"जितो घेवक जाता, मगे मेललो काय महाग?" चाचा म्हणाले.

पण हसू टिकलं नाही. बाजारात रोज नवी बातमी. म्हातारा तरुण होणार, हिंदीत बोलणार, नाचणार. होडी जाऊन बोट येणार. आमच्यातल्या केस कापणाऱ्याने दुकानासमोर फळा लावला, 'म्हातारो आमचो आसा'. कंपनीला होडी द्यायची नाही असं रापणवाल्यांनी, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांनी, आपसात ठरवलं. कोल्हापूरच्या त्या माणसाला मी टेलिफोन बूथवरून फोन केला. सगळे बाहेर काचेला नाक लावून उभे. तो म्हणाला, "गुरुजी, मी थकलो. माझ्यापाशी आता तो मरेल. त्यांच्यापाशी जगेल तरी." बाहेर येऊन मी एवढंच सांगितलं की तो ऐकत नाही.

मग कंपनीचा माणूस मालवणला येऊन एका लॉजवर उतरला. आणि मी, जो वखारीत सगळ्यांत कडक बोलत होतो, तो शाळा सुटल्यावर वही पिशवीत घालून त्याला भेटायला गेलो.

हे मी चार वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मी त्याला म्हणालो, म्हाताऱ्याची बोली मी सांभाळतो, मला कामावर घ्या. त्याने वहीची दोन पानं उलटली. तिशीतला मुलगा होता, उद्धट नव्हता. म्हणाला, "छान आहे, सर. पण आम्ही भाषा जरा सौम्य करतोय. सगळीकडच्या लोकांना कळायला हवी ना." वही ठेवून घेतली आणि कळवतो म्हणाला. कळवायचं नाही हे त्याच्या आवाजातच होतं. जिना उतरताना माझा मित्र वर येताना भेटला. त्याला बोलावून घेतलं होतं, पाण्यातल्या कामासाठी.

"तू हय खंय रे, मास्तरा?"

"तेका समज देवक इलंय," मी म्हटलं. "आमच्या वाटेक जाव नको म्हणान."

त्याने माझ्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं, मान हलवली आणि वर गेला.

पुढच्या रविवारी वखारीत ठरलं की राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं. खाडीच्या बाजूला उंडलीच्या झाडाखाली आमच्या वाडीच्या राखणदाराचा पाषाण आहे. नवी होडी पाण्यात लोटण्याआधी, लग्नाचा नारळ फोडण्याआधी, चोरी झाली तर, गुरं आजारी पडली तर, तिथे जाऊन एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे गाऱ्हाणं. एकाचं बोलणं तेवढ्याने सगळ्यांचं होतं. खरं तर ते घालायचा मान एका घराण्याचा, पण त्या घरचा म्हातारा अंथरुणाला होता आणि मी बोलतो बरं, म्हणून त्याने मला सांगितलं. सांगताना हेही सांगितलं, "मास्तर, बऱ्यासाठी घातल्यार देव सांभाळून घेता. वायटासाठी घातल्यार मात्र घातलंस त्याच तोंडान काढूचा लागता, त्याच माणसांसमोर, कित्याक घातलंस ता सांगान." मी व्हय म्हटलं.

आठ जण होतो. चाचा थोडे लांब सायकल धरून उभे. मी नारळ ठेवला आणि सुरुवात केली. आमचा म्हातारा, आमचा दर्या, आमची बोली. 'व्हय म्हाराजा.' मग माझ्या तोंडून आलं, "जो कोण तेका इकून खायत, जो कोण ह्या कामाक हात लायत, मगे तो भायलो असो नायतर घरचो, तेका ह्या पाण्यात वाट मेळा नये."

"व्हय म्हाराजा."

'घरचो' हा शब्द मी घरून ठरवून नेला नव्हता. पण उच्चारताना कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे होता, ते मला पक्कं ठाऊक होतं. जिना चढणारा.

परतताना चाचा सायकल ढकलत माझ्याबरोबर आले. वळणावर थांबले. मग म्हणाले, "मास्तर, कंपनीक सांगलंत ता ठीक. 'घरचो' कित्याक घातलंत?"

"बोलण्यात आला," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली. मी शिकलेला माणूस. मुलांना भरती-ओहोटी चंद्राने येते हे फळ्यावर काढून दाखवणारा. पण शब्द गेला होता आणि सात तोंडांनी त्याला होकार दिला होता. वर्गाच्या खिडकीतून समुद्राची पट्टी दिसायची. शुद्धलेखन घालताना माझी नजर तिथे जायची आणि पुढचं वाक्य हरवायचं. मुलं विचारत, "गुरुजी, मगे?"

मित्राच्या कानावर ते बाजारातून गेलं. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी आला, हसत होता. "काय रे, माका बुडवूक देवाकडे गेल्लंस?"

"तुजा नाव खंय घेतलंय?"

"नाव कशाक व्हया? घरचो म्हटल्यार आणखी कोण आसा त्या कामात? चाचाचो बोको?" मग हसू जरा कमी झालं. "काढून टाक रे ता. येक नारळ तो काय. बायल जेवक बसना नाय."

"काढतंय."

"कधी?"

"येत्या रविवारी."

येत्या रविवारी मला कणकण आहे म्हणून मी घरी राहिलो. त्याच्या पुढच्या रविवारी जिल्ह्याच्या कामाला सावंतवाडीला गेलो, जे काम शनिवारीही होण्यासारखं होतं. काढणं म्हणजे कारण सांगणं. त्या सात जणांसमोर उभं राहून मी काय सांगणार होतो? की कंपनीच्या दारात तुमच्यात पहिला मी गेलो? माझा मित्र बुडेल ही भीती एकीकडे आणि लोक मला ओळखतील ही दुसरीकडे. दुसरी मोठी निघाली. हे वाक्य लिहायलाच मला इतकी वर्षं लागली.

कंपनीला घाई होती. नारळी पुनव होऊन फार दिवस झाले नव्हते, दर्या अजून पुरता निवला नव्हता. मित्राने त्यांना खाडीच्या तोंडाशी होडी नेऊ नका म्हणून सांगितलं होतं म्हणे. खाडीचं पाणी आणि समुद्राचं पाणी तिथे वाळूच्या उंचवट्यावर एकमेकांना भिडतं. पण चित्र तिथलंच हवं होतं.

सकाळी दहाच्या सुमारास त्याची बायको शाळेच्या दारात आली. पायात चप्पल नव्हती. वर्गाकडे न बघता म्हणाली, "भावजी, होडी उलटली. चौघे मेळले. हे मेळाक नाय."

काठावर गर्दी होती. कंपनीचा तो मुलगा वाळूत बसून फोनवर बोलायचा प्रयत्न करत होता, रेंज लागत नव्हती. मी पाण्याकडे पाहिलं. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि जन्म सगळा त्याच्याच कडेला गेला होता. वहिनीने माझा हात धरला. "चला. गाऱ्हाणा घाला. तुमचा तो आयकता."

तिने मला त्याच झाडाखाली आणलं. नारळ तिच्याकडेच होता. आम्ही दोघंच होतो. तिथे मी सांगायला हवं होतं. एक बाई ऐकायला होती, तीही तिचा नवरा परत यावा म्हणून काहीही माफ करायला तयार. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बा म्हाराजा, तुजो लेकरू पाण्यात आसा, तेका सुखरूप घरी हाड." त्या शब्दांत काही खोटं नव्हतं. पण घातलेलं मी काढलं नाही. ती एकटीच 'व्हय म्हाराजा' म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. अजून काही तरी येईल असं तिला वाटत असावं. मी नारळ फोडला.

दुपारी एकनंतर तो सापडला. प्लास्टिकच्या कॅनला धरून दक्षिणेकडे वाहत गेला होता, तिकडच्या होडीवाल्यांनी काढून आणला. वाळूवर बसवला तेव्हा त्याने कुणाकडे बघितलं नाही. घोंगडी पांघरलेली, दात वाजत होते. मी समोर जाऊन बसलो.

"पाय धरल्यान रे माझे," तो म्हणाला.

"दोरी गुतली आसतली. कॅमेऱ्याची दोरी."

"दोरी माका कळता, मास्तरा."

त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही. आधी होडीवर जाणं सोडलं, मग खाडीत बांधलेल्या होडीत पाय टाकणंही. पावसात अंगणात पाणी साचलं की उंबऱ्यावर उभा राहायचा. होडीतला आपला वाटा भावाला दिला आणि वर्षाच्या आत बायकोला घेऊन फोंडाघाटला गेला, मेव्हण्याच्या खानावळीत. घाट चढणारे ट्रक तिथे थांबतात. का गेलास, असं कुणी विचारलं तर म्हणे, "थंय दर्याचो आवाज येना नाय."

चौथा चित्रपट कंपनीने दुसरीकडे कुठेतरी पुरा केला. आम्ही सगळे एकमेकांना न सांगता कुडाळला जाऊन पाहून आलो आणि मध्यंतरात एकमेकांना भेटलो. म्हातारा स्वच्छ मराठी बोलत होता. चित्रपट वाईट नव्हता. पुढच्या रांगेतली मुलं हसत होती, रडतही होती. बाहेर येऊन केस कापणारा म्हणाला, "बरो केल्यानी, मेल्यांनी," आणि त्याचा फळा दुसऱ्या दिवशी गेला. चाचांनी वखारीतला टीव्ही घरी नेला. ज्याच्यासाठी एवढं केलं त्याचं कुणाला काही राहिलं नव्हतं. माझं राहिलं होतं ते फोंडाघाटला होतं.

दोन हजार दहाच्या सुरुवातीला त्याची आई गेली. ती देवबाग सोडून गेली नव्हती. तो आला, क्रिया केली. अस्थी सोडायला खाडीवर गेलो तेव्हा गुडघाभर पाणी होतं, ओहोटीचं, काचेसारखं. तो मडकं घेऊन कोरड्या वाळूत उभा राहिला. भटजी म्हणाले, "चार पावलां फुडे." तो गेला नाही. मागे कुणीतरी कुजबुजलं, "आवशीक तरी पोचव मेल्या." कुजबुज त्याला ऐकू गेली. मी पुढे होऊन त्याच्या हातातून मडकं घेतलं आणि पाण्यात गेलो. त्याच्या आईला मी सोडलं. लोकांनी मला भला माणूस म्हटलं.

बारावं झाल्यावर मी फोंडाघाटची एस.टी. धरली.

खानावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. तो ताटं विसळत होता, नळाखाली, हात लांब ठेवून. वहिनीने चहा आणला. मी उभ्यानेच सांगितलं. लॉज, वही, 'कळवतो', जिना, 'घरचो'. झाडाखाली तिच्या देखत काय बोललो नाही तेही. मी मनाशी धरलं होतं की एकदा त्याला कळलं की हे गाऱ्हाणं गावाचं नव्हतं, एका दुखावलेल्या माणसाचं होतं, की त्याची भीती जाईल. खोट्या पोटाने घातलेलं देव मनावर घेत नाही, असं आमच्यात म्हणतात.

त्याने नळ बंद केला. "तू गेल्लंस ता माका ठावक होता. त्याच दिसा. तुझी वही तेच्या टेबलार होती. तुजा अक्षर माका कळना नाय काय?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मगे... मगे भियालंस कित्याक? खोटा होता ता."

"देवाक खरा-खोटा कळता रे. पाण्याक कोण सांगतलो?" तो हात पुसत म्हणाला. "मी वाट बघलंय. म्हटलंय, मास्तर आज सांगात, फाल्यां सांगात. नाव घेवन भांडतो तर बरा होता. तुज्या तोंडातसून तो शब्द गेलो आणि तो अजून थंयच उभो आसा. तू हय च्या पिताना सांगून काय व्हता?"

वहिनी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "त्या दिसा मी तुमच्या तोंडाकडे बघी होतंय, भावजी. तुम्ही नारळ फोडलात." एवढंच. आणि कप उचलून आत गेली.

रविवारी दोघं, मी बोलावल्याप्रमाणे, पहिल्या बसने खाली देवबागला आली. आठांतले आम्ही पाच उरलो होतो. दोघे मुंबईला, आणि ज्याने मला बोलायचा मान दिला त्याचा मुलगा, जो तेव्हा त्याच्या वतीने उभा होता, तो वारला होता. चाचा काठी टेकत झाडाखाली आले. मी वाडीत घरोघर जाऊन बोलावलं होतं, कशासाठी ते न सांगता, त्यामुळे सगळ्यांना वाटलं असणार की कुणाची तरी होडी लोटायची आहे.

मी नारळ ठेवला आणि बोलायला लागलो. "बा राखणदारा म्हाराजा. मागे हय उभो ऱ्हवान मी जा गाऱ्हाणा घातलंय ता म्हाताऱ्यासाठी नव्हता. कंपनीत काम मागूक पयलो मी गेलंय. माका मेळाक नाय, ह्येका मेळला. घरचो म्हटलंय तो ह्योच. नाव घेवचा धाडस नव्हता. ह्या सगळ्यांच्या तोंडान मी ता घातलंय, तेंका ठावक नव्हता. माज्या तोंडान घातललंय, माज्याच तोंडान काढतंय. ह्येची वाट सोड."

'व्हय म्हाराजा' कुणी म्हटलं नाही. होकार आला नाही तर सांगितलेलं जागच्या जागी राहतं, ते सगळ्यांना माहीत होतं. केस कापणारा माझ्याकडे बघत होता. वीस वर्षं मी त्याच्यासमोर मान खाली घालून बसत आलो होतो, पण त्याने मला प्रथमच बघितल्यासारखं वाटलं.

"आमच्या तोंडातसून वदवून घेतलंस रे," तो शेवटी म्हणाला. "मी चांगलो मोठ्यान म्हटलंय त्या दिसा." तो वळला आणि चालू लागला. दोन पावलं जाऊन थांबला. आमच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग बाकीचे म्हणाले. वहिनी म्हणाली. चाचांनी 'व्हय' तेवढं म्हटलं.

मित्राने माझं मनगट धरलं. मायेने धरलं असं वाटलं नाही. पकड पोलिसासारखी होती. मला ओढत तो खाडीच्या कडेला घेऊन गेला. भरती लागत होती. तो थांबला, त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आणि माझाही चुकत होता, कारण शब्द काढला तरी पाण्याने तो ऐकला की नाही हे सांगायला कुणीच नव्हतं. त्याने एक पाय घातला. मग दुसरा. पाणी घोट्याला लागलं. त्याची नखं माझ्या मनगटात रुतली. एक लाट आली, त्याच्या पोटऱ्या भिजवून परत गेली. तो हलला नाही. दुसरी आली.

मग तो मागे सरला, कोरड्यात आला आणि माझा हात सोडला.

"आजच्याक इतक्याच," तो म्हणाला, आणि चपला हातात घेऊन बायकोकडे गेला, कारण दोनची बस चुकली असती तर पुढची संध्याकाळची होती.